पास छोटा, पल्ला मोठा : श्रेय कुणाचं?

११ डिसेंबर १९८९. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे सोमवारच्या रात्रीचा सामना. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स चौथ्या क्वार्टरमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध १०-२७ असे मागे होते आणि तरीही त्यांनी तो सामना ३०-२७ असा जिंकला. क्वार्टरबॅक जो माँटानाच्या नावापुढे त्या रात्री ४५८ यार्ड लागले. त्यातले १८७ यार्ड अवघ्या दोन पासांचे आहेत. एक ९२ यार्डांचा, दुसरा ९५ यार्डांचा; दोन्ही जॉन टेलर या रिसीव्हरला दिलेले आणि दोन्हींवर टचडाऊन. चित्रफीत पाहिली तर मात्र दिसतं की दोन्ही वेळा चेंडू हवेत फार लांब गेलाच नाही. छोटा पास, टेलरच्या हातात, आणि तिथून पुढचं बहुतेक मैदान टेलरने स्वतःच्या पायांनी कापलं.

मग हे १८७ यार्ड कुणाचे? अधिकृत नोंदीत ते पूर्णच्या पूर्ण माँटानाचे आहेत आणि पूर्णच्या पूर्ण टेलरचेही. नोंद ठेवणाऱ्यांनी भांडण मिटवायचा सर्वांत सोपा मार्ग काढला : दोघांनाही सगळं देऊन टाकलं. हे पुस्तक त्या सोप्या मार्गावर समाधान न मानणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. छोट्या पासातून मोठा पल्ला निघतो तेव्हा क्वार्टरबॅकने नेमकं काय केलं, काय केलं नाही, आणि ते ओळखायचं कसं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. विषय दिसायला लहान आहे. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अमेरिकन फुटबॉलमधला पासचा खेळ ज्या दिशेने गेला, ती दिशा समजून घ्यायची तर याच प्रश्नापाशी यावं लागतं.

मराठीत हे लिहावंसं वाटलं त्याचं कारण सांगतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये आता हा खेळ परका राहिलेला नाही. फोर्टीनायनर्सचं लिव्हाय स्टेडियम २०१४ पासून सँटा क्लारात आहे, आणि सँटा क्लारा, सनीव्हेल, फ्रीमाँट या पट्ट्यात मराठी किती बोललं जातं हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. इथे वाढलेली मुलं हा खेळ शाळेतूनच शिकतात. आईवडील सुपर बोलच्या दिवशी सोफ्यावर शेजारी बसतात, टचडाऊन झालं की टाळ्या वाजवतात, आणि मुलांचा वाद सुरू झाला की गप्प होतात. त्या वादात आईवडिलांनाही बोलता यावं, अशी माझी इच्छा आहे. पुण्या-मुंबईत बसून पहाटे उठून सामने पाहणारे वाचकही आता आहेत. त्यांनाही यात काही सापडेल.

ज्यांना खेळ अगदीच नवा आहे त्यांच्यापुरतं थोडक्यात. मैदान १०० यार्ड लांब, ५३ यार्ड आणि एक फूट रुंद. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. १० यार्ड झाले की पुन्हा चार. चेंडू जिथून खेळायला सुरुवात होते त्या काल्पनिक आडव्या रेषेला लाइन ऑफ स्क्रिमेज म्हणतात. क्वार्टरबॅक त्या रेषेमागे उभा राहून चेंडू घेतो आणि एकतर धावणाऱ्याच्या हाती देतो किंवा पुढे फेकतो. १९०६ पर्यंत पुढे फेकायची परवानगीच नव्हती. एका डावात चेंडू पुढे फेकता येतो तो एकदाच. बाकीचे नियम सामना पाहता पाहता कळतात.

आता नोंदीकडे येऊ. पासाचे यार्ड मोजतात ते लाइन ऑफ स्क्रिमेजपासून धाव जिथे संपली तिथपर्यंत. चेंडू हवेत किती गेला आणि हातात आल्यावर रिसीव्हर किती धावला, याचा भेद या आकड्यात नाही. क्रिकेटच्या धावफलकात सीमारेषेवर सूर मारून घेतलेला झेल आणि थेट पोटात आलेला झेल गोलंदाजाच्या खात्यात सारखेच पडतात. निदान झेल घेणाऱ्याचं नाव त्याच ओळीत शेजारी असतं, म्हणून वाचणारा थांबून विचार तरी करतो. क्वार्टरबॅकच्या आकड्यांच्या ओळीत दुसऱ्या कुणाचं नावच नसतं. इतकंच काय, हल्ली बऱ्याच संघांत एक डाव दिसतो : रिसीव्हर बाजूने वेगाने धावत क्वार्टरबॅकच्या समोरून जातो आणि क्वार्टरबॅक चेंडू त्याच्याकडे वीतभर पुढे टिचकी मारल्यासारखा उडवतो. चेंडू पुढे गेला म्हणून तो पास. रिसीव्हर तिथून ६० यार्ड धावला, तर क्वार्टरबॅकच्या नावावर ६० यार्डांचा पास. तोच चेंडू त्याने रिसीव्हरच्या हातात दिला असता तर क्वार्टरबॅकला शून्य.

याचा परिणाम किती होतो हे एका मानीव उदाहरणाने पाहू. क्वार्टरबॅकच्या कामगिरीचा सर्वांत प्रचलित आकडा म्हणजे पासर रेटिंग. हॉल ऑफ फेमचे डॉन स्मिथ यांच्या पुढाकाराने एका समितीने तो तयार केला आणि एनएफएल या व्यावसायिक लीगने १९७३ मध्ये स्वीकारला. पूर्ण झालेल्या पासांचं प्रमाण, प्रत्येक प्रयत्नामागे यार्ड, टचडाऊनचं प्रमाण आणि इंटरसेप्शनचं (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या पासांचं) प्रमाण अशा चार गोष्टींची ती बेरीज. कमाल आकडा १५८.३. समजा, एखाद्याने ३० पास फेकले, २० पूर्ण झाले, २२० यार्ड, एक टचडाऊन, एक इंटरसेप्शन. त्याचं रेटिंग येतं ८५.४. आता यातला फक्त एक पास बदला. लाइन ऑफ स्क्रिमेजच्या मागेच दिलेला स्क्रीन पास होता, ५ यार्डांवर रिसीव्हरला पाडलं होतं. पाडणाऱ्याचा हात निसटला असं धरा. रिसीव्हर ८० यार्ड धावून टचडाऊन करतो. क्वार्टरबॅकच्या फेकीत केसाइतकाही फरक नाही. रेटिंग मात्र १०६.९ झालं. ८५ म्हणजे साधारण, १०७ म्हणजे त्या मोसमातल्या उत्तमांच्या पंगतीत. एका बचावपटूचा हात निसटला, एवढंच काय ते घडलं.

मी हा हिशेब इतका सविस्तर मांडला कारण यावरून लगेच एक घाईचा निष्कर्ष काढला जातो, आणि तो मला पटत नाही. तो निष्कर्ष असा : पकडल्यानंतरचे यार्ड म्हणजे रिसीव्हरचे, हवेतले यार्ड तेवढे क्वार्टरबॅकचे. म्हणजे जो लांब फेकतो तो खरा, आणि जो छोटे पास देतो तो दुसऱ्याच्या पायांवर मोठा झालेला. दूरचित्रवाणीवरचे जाणकारही असं बोलतात. छोट्या पासाचा इतिहास त्यांनी थोडा आठवावा.

तो इतिहास सिनसिनाटीला सुरू होतो. १९६९ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सकडे ग्रेग कुक नावाचा नवा क्वार्टरबॅक होता. हात असा की मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात चेंडू पोचावा. पहिल्याच मोसमात त्याने प्रत्येक प्रयत्नामागे नऊ यार्डांहून जास्त काढले. त्याच मोसमात त्याचा खांदा दुखावला आणि त्याची कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टरच्या हातात ती ताकद नव्हती. त्याच्याकडे अचूकपणा होता, चपळ पाय होते आणि तल्लख डोकं होतं. मुख्य प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्या हाताखाली पासांची आखणी करणाऱ्या बिल वॉल्शने मग प्रश्न उलटा केला. लांबी जमत नसेल तर रुंदी वापरू. ५३ यार्डांच्या पूर्ण रुंदीत रिसीव्हर पसरवायचे, ठरलेल्या पावलाला ठरलेल्या जागी पोचवायचे, आणि त्यांच्या धावण्यात खंड न पडता चेंडू द्यायचा. १९७० मध्ये बेंगल्स पहिल्या सातांपैकी सहा सामने हरले, मग उरलेले सातही जिंकले आणि आपल्या गटात पहिले आले.

वॉल्श १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मुख्य प्रशिक्षक झाला. त्याच वर्षी त्याने ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, तिसऱ्या फेरीत माँटानाला घेतलं. १९८५ मध्ये जेरी राइस आला. त्याच वर्षी रॉजर क्रेग हा धावपटू एकाच मोसमात धावून हजार आणि पास पकडून हजार यार्ड करणारा पहिला खेळाडू ठरला. धावपटूने पास पकडून हजार यार्ड करणं म्हणजे काय ते लक्षात घ्या : रेषेच्या आसपास पकडलेले ९२ छोटे पास. वॉल्शच्या काळात तीन सुपर बोल आले, तो गेल्यावर लगेच चौथा. १९८९ चा तो मोसम, ज्यात टेलरच्या त्या दोन धावा झाल्या, माँटानाने ११२.४ रेटिंगने संपवला. तोवर तेवढं रेटिंग कुणाचंच नव्हतं.

वॉल्शच्या पद्धतीत पकडल्यानंतरची धाव हा योगायोग नव्हताच. ती कागदावर आखलेली होती. आणि आखणी प्रत्यक्षात उतरायची ती क्वार्टरबॅकच्या हातून. इथे थोडं थांबायला हवं, कारण माझं म्हणणं ज्यावर उभं आहे ते इथेच आहे.

स्लँट हा सर्वांत साधा छोटा पास घ्या. रिसीव्हर दोन-तीन पावलं सरळ जातो आणि मैदानाच्या मध्याकडे तिरका वळतो. क्वार्टरबॅक तीन पावलं मागे येतो आणि फेकतो. फेकताना रिसीव्हर बहुधा मोकळा नसतो. तो मोकळा होणार आहे अशा जागी चेंडू जातो. चेंडू त्याच्या छातीच्या थोडा पुढे, धावण्याच्या दिशेने आला, तर तो वेग न मोडता पकडतो आणि दुसऱ्या पावलाला कॉर्नरबॅकला, म्हणजे त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या बचावपटूला, मागे टाकतो. तोच चेंडू फूटभर मागे आला, तर त्याला कंबरेत वळावं लागतं. पकडला जातोच, नोंदीत पास पूर्ण लागतो, पण त्या अर्ध्या क्षणात पाडणारा पोचतो. पहिल्या चेंडूवर ४० यार्ड निघू शकतात, दुसऱ्यावर ६. नोंद पाहणाऱ्याला वाटतं, पहिल्यात रिसीव्हर छान धावला. धावलाच. पण त्याला धावायला मिळालं ते कशामुळे? चेंडू उंच गेला तर रिसीव्हर हवेत ताणला जातो आणि बरगड्यांवर मार खातो. खाली गेला तर गुडघ्यात वाकतो. जोराने आला तर हातातून उसळतो. हळू आला तर लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतला बचावपटू, मध्ये हात घालतो. आणि नजर. क्वार्टरबॅक सुरुवातीपासून स्लँटकडेच पाहत राहिला तर मधला बचावपटू तिकडे सरकतो. त्याने आधी डावीकडे पाहून मग उजवीकडे फेकलं तर तोच बचावपटू दोन पावलं चुकीच्या बाजूला गेलेला असतो. पुढच्या मोकळ्या मैदानाचा बराच भाग या दोन पावलांतून तयार होतो.

स्क्रीन पासात तर अजूनच वेगळं कसब लागतं. तिथे क्वार्टरबॅकला धावून येणाऱ्या बचावपटूंना जाणूनबुजून जवळ येऊ द्यावं लागतं. ते जितके आत येतील तितके धावपटूच्या वाटेतून बाहेर जातात. पाव सेकंद आधी फेकला तर ते परत वळतात, पाव सेकंद उशीर झाला तर क्वार्टरबॅकच जमिनीवर. उंच हातांवरून, हळुवार, धावपटूच्या पुढच्या खांद्यावर चेंडू टाकायचा. बाजूला पसरलेल्या रिसीव्हरला दिलेल्या झटपट स्क्रीनमध्ये खरा निर्णय तर चेंडू हातात यायच्या आधीच झालेला असतो : त्या बाजूला आपले अडवणारे किती, त्यांचे पाडणारे किती. दोनास दोन असतील तर टाका, दोनास तीन असतील तर विसरा. ही मोजणी बरोबर करणाऱ्याला कुठल्याच तक्त्यात गुण नाहीत.

आणि तरीही, या सगळ्यानंतर, ८० यार्डांच्या धावेतले सगळे ८० त्याचे नाहीत. पहिल्या दहा-पंधरा यार्डांची वाट पासने उघडली असेल. चाळिसाव्या यार्डावर सेफ्टीला, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूला, चकवलं ते रिसीव्हरने. पुढे दुसऱ्या रिसीव्हरने कॉर्नरबॅकला अडवून धरलं म्हणून वाट बंद झाली नाही. त्या दुसऱ्या रिसीव्हरचं नाव तर कुठेच येत नाही, आणि मला ते फार खटकतं. मोठा पल्ला गाठणाऱ्या संघांत चेंडूपासून दूर असलेले रिसीव्हर किती मन लावून अडवतात हे पाहण्यासारखं असतं. फोर्टीनायनर्सचा जॉर्ज किटल तर पास पकडण्याइतकाच अडवण्यासाठी नावाजला जातो.

म्हणून माझं मत असं : क्वार्टरबॅकला जोखायचं ते चेंडू रिसीव्हरच्या हातात पडला त्या क्षणी मैदानावर जी स्थिती होती तिच्यावरून. निर्णय, वेळ, जागा, वेग आणि त्यातून रिसीव्हरपुढे उघडलेली वाट. त्या वाटेचं मोल त्याच्या खात्यात जमा करा. वाट उघडल्यावर जे झालं, चांगलं किंवा वाईट, ते इतरांचं. याची दुसरी बाजूही तितकीच पाळायला हवी. उत्तम स्लँटवर रिसीव्हर स्वतःच घसरून पडला आणि ४ यार्डच मिळाले, तरी क्वार्टरबॅकचं खातं भरलेलंच राहिलं पाहिजे.

हे मोजता येतं का? बऱ्याच अंशी येतं, आणि मोजण्याची सुरुवात कुणी केली ते सांगायला मला विशेष आनंद होतो. ज्याच्या मर्यादांमुळे वॉल्शला छोट्या पासांची पद्धत सुचली, त्या व्हर्जिल कार्टरनेच. खेळत असतानाच तो नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्यवस्थापन शिकत होता. १९७१ मध्ये रॉबर्ट मॅकोल यांच्याबरोबर त्याने ऑपरेशन्स रिसर्च या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यात त्यांनी विचारलं : मैदानावर अमुक जागी चेंडू आपल्या ताब्यात आहे, तर तिथून सरासरी किती गुण अपेक्षित धरावे? उत्तरात असं दिसलं की स्वतःच्या गोलरेषेला अगदी चिकटून चेंडू हातात असेल तर त्याची किंमत शून्याखाली जाते. पुढचे गुण प्रतिस्पर्ध्याने करण्याची शक्यता जास्त. १९८८ मध्ये बॉब कॅरोल, पीट पामर आणि जॉन थॉर्न यांनी हाच विचार पुढे नेला.

या पद्धतीने यार्डांची सत्ता संपते. तिसऱ्या डाऊनला १२ यार्ड हवे असताना दिलेला ९ यार्डांचा पास बहुधा फुकट जातो. तिसऱ्या डाऊनला २ यार्ड हवे असताना दिलेला ३ यार्डांचा पास संघाला जिवंत ठेवतो. छोट्या पासाला सरसकट भित्रा म्हणणाऱ्यांनी आणि सरसकट शहाणा म्हणणाऱ्यांनीही एवढी गोष्ट लक्षात घेतली तरी निम्मे वाद मिटतील. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रत्येक पासाच्या अपेक्षित गुणांचे दोन भाग पाडले : चेंडू पकडला त्या जागेपर्यंतचा आणि त्यापुढचा. त्यांनी ही सामग्री सगळ्यांसाठी खुली ठेवली, म्हणून आज कॉलेजातला कुठलाही विद्यार्थी घरी बसून हा हिशेब करू शकतो.

पण जागेवरून विभागणी केली तरी आधीची अडचण उरतेच. पकडलेल्या जागेपुढचे यार्ड सगळे रिसीव्हरचे धरले, तर स्लँटवरच्या फूटभर फरकाचं काय? ते उत्तर यायला खेळाडूंच्या खांद्यांच्या पॅडमध्ये चिप बसाव्या लागल्या. एनएफएलने गेल्या दशकात सगळ्या स्टेडियममध्ये ही व्यवस्था केली. २०१७ मध्ये चेंडूतही चिप आली. प्रत्येक खेळाडू सेकंदाला दहा वेळा टिपला जातो. त्यामुळे चेंडू पकडला त्या क्षणी रिसीव्हरचा वेग काय होता, तोंड कुठे होतं, सर्वांत जवळचा पाडणारा किती अंतरावर होता आणि कुठल्या कोनातून येत होता, हे कळतं. हजारो जुन्या पासांशी ताडून गणित सांगतं की अशा स्थितीतून सरासरी रिसीव्हर इतके यार्ड धावेल. प्रत्यक्षात तो त्याहून जास्त धावला तर जास्तीचे त्याचे. अपेक्षित होते ते फेकीचे, आखणीचे आणि रिसीव्हरने स्वतःला मोकळं करून घेतलं त्याचे. या तिघांमध्ये पुन्हा वाटणी करणं मात्र आजही यंत्राला नीट जमत नाही. तिथे डोळे लागतात.

डोळ्यांनी गुण देणारेही आहेत. प्रो फुटबॉल फोकस ही संस्था प्रत्येक खेळाडूला प्रत्येक डावासाठी उणे २ ते अधिक २ असा गुण देते. सोपा स्क्रीन पास नीट दिला आणि रिसीव्हर ८० यार्ड धावला, तर त्यांच्याकडे क्वार्टरबॅकला साधारण शून्य. त्याच्याकडून अपेक्षित होतं तेवढं त्याने केलं. माझ्या मते हे बरोबर आहे, पण स्लँटच्या बाबतीत तीच कसोटी लावताना फूटभराचा फरक सुटून जाण्याचा धोका राहतो.

हे सगळं कुणासाठी महत्त्वाचं? ब्रॉक पर्डीचं उदाहरण घ्या, या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्याच्यावर आहे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ वा, म्हणजे शेवटचा. २०२३ मध्ये फोर्टीनायनर्ससाठी ४,२८० यार्ड, ३१ टचडाऊन, ११३.० रेटिंग, प्रत्येक प्रयत्नामागे ९.६ यार्ड; शेवटचे दोन आकडे त्या मोसमात लीगमध्ये सर्वोच्च. मोसमाच्या शेवटी सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीकडून जादा वेळेत २२-२५ असा पराभव. आणि मोसमभर एकच वाद : हे श्रेय पर्डीचं की भोवतालच्यांचं? भोवती कोण होते ते पाहा. आखणीला काइल शॅनहन. डीबो सॅम्युएल, ज्याच्या २०२१ मधल्या १,४०५ यार्डांपैकी निम्म्याहून अधिक पकडल्यानंतर धावून आलेले. ख्रिश्चन मॅकॅफ्री, किटल, ब्रँडन आयुक. अडवायला ट्रेंट विल्यम्स.

वाद करणाऱ्यांना त्या मोसमात पुरावाही मिळाला. ऑक्टोबरमध्ये सॅम्युएल आणि विल्यम्स जखमी झाले आणि संघ ओळीने तीन सामने हरला. त्या तीन सामन्यांत पर्डीने पाच इंटरसेप्शन दिली. दोघे परतले आणि पुढचाच सामना जॅक्सनव्हिलविरुद्ध ३४-३ असा जिंकला. इथेच थांबलं तर निकाल लागल्यासारखा वाटतो. पण २०२४ पाहा. मॅकॅफ्री चारच सामने खेळला, आयुकचा गुडघा ऑक्टोबरमध्ये गेला, विल्यम्सचाही मोसम अर्धवट राहिला. संघ ६-११ असा कोसळला. पर्डीचे यार्ड ३,८६४ वर आणि टचडाऊन २० वर आले. आणि प्रत्येक प्रयत्नामागचे यार्ड? ८.५. उतरले, पण ज्याचं सगळं श्रेय उसनं होतं त्याचा आकडा इथे थांबत नाही. साथीदार गेल्यावर जेवढं गेलं ते त्यांचं होतं. जे उरलं त्यातलं बरंच त्याचं आहे. एका मोसमावरून, आणि तोही दुखापतींनी भरलेला, इतका नेमका निकाल द्यावा का, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. मी त्या प्रकरणात त्याचे पास एकेक करून पाहिले आहेत ते त्याचसाठी. अचूकपणा आणि वेळ साधण्याची हातोटी ही त्याची स्वतःची आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

मे २०२५ मध्ये फोर्टीनायनर्सने पर्डीशी पाच वर्षांचा, २६.५ कोटी डॉलरचा करार केला. श्रेयाची वाटणी चुकली तर चूक इतक्या किमतीची असते. एका खेळाडूला एवढे पैसे दिले की पगाराच्या मर्यादेमुळे तेच पैसे त्याच्याभोवतीच्या धावणाऱ्या-अडवणाऱ्यांना देता येत नाहीत. या संघात करारांच्या वाटाघाटी आणि आकड्यांचा विचार अनेक वर्षं ज्यांच्याकडे राहिला त्यांत पराग मराठे हे एक ठळक नाव आहे. सल्लागार कंपनीतली नोकरी सोडून ते २००१ मध्ये इथे आले. हेच पुढे अमेरिकेच्या क्रिकेट संघटनेचे आणि लीड्स युनायटेडचे अध्यक्ष झाले. आपल्या ओळखीचं आडनाव या गणिताच्या इतक्या जवळ आहे, हे मराठी वाचकाला वाचायला आवडेल.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. या पुस्तकात क्वार्टरबॅकांची उतरंड लावलेली नाही. माँटाना मोठा की ब्रेडी, हा प्रश्न मी घेतलेला नाही. २०१७ च्या फेब्रुवारीतल्या सुपर बोलमध्ये ३-२८ अशा पिछाडीवरून ब्रेडीने सामना ओढून काढला तेव्हा जेम्स व्हाइट या धावपटूने १४ पास पकडले होते, बहुतेक छोटे. त्या १४ पासांचा विचार आहे; त्यावरून कोण थोर याचा निवाडा नाही.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. खेळ माहीत असणाऱ्यांनी थेट स्लँट आणि स्क्रीनच्या प्रकरणांकडे जावं. आकड्यांचा कंटाळा असेल तर अपेक्षित गुणांचं प्रकरण नंतर वाचलं तरी चालेल. पण एक विनंती आहे. पुढचा सामना पाहताना मोठी धाव झाली की रिप्ले दाखवतात, तेव्हा धावणाऱ्याकडे पाहू नका. चेंडू त्याच्या हातात कुठे आला, छातीपुढे की पाठीमागे, आणि त्यासाठी त्याला वेग मोडावा लागला का, एवढंच पाहा. मग क्वार्टरबॅकबद्दल मत बनवा, आणि ते माझ्या मताहून वेगळं झालं तर ते खुशाल वेगळं असू द्या.